एअरगनची दुर्बीण : थोड्या खर्चात योग्य निवड

(राजोडी, ता. वसई, जि. पालघर येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत दिलेल्या भाषणावरून)



मागच्या खेपेस आपल्या गावात केळीच्या खत व्यवस्थापनावर बोलून मी निघालो, तेव्हा एका बागायतदारांनी मला बांधावर गाठले. म्हणाले, "सर, पोराने छऱ्याची बंदूक घेतली आहे. आता तिच्यावर बसवायला दुर्बीण मागतो. दुकानदार एकापेक्षा एक महाग दाखवतो. कोणती घेऊन देऊ?" मी पीकशास्त्राचा माणूस, पण महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू-टू रायफलीवर चांदमारी केलेली आहे आणि पुढेही तो नाद थोडाफार ठेवला आहे. प्रश्न विचारणारे एकटे नव्हते, आणखी दोघा-तिघांनी तेच विचारले. म्हणून आजचा विषय हा घेतला आहे.

माती न तपासता खताची पिशवी आणली तर पैसा जातो आणि पीकही सुधारत नाही. दुर्बिणीचे तसेच आहे. आधी बंदूक कोणती, ती कशासाठी वापरायची आणि कोठे वापरायची, ही तीन उत्तरे हवीत. दुर्बिणीचा विचार त्यानंतर.

१) बंदूक कोणती?

आपल्याकडे साधारण तीन प्रकारच्या बंदुका शेतकऱ्यांच्या घरी आढळतात.

पहिली, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. शस्त्र कायदा १९५९ नुसार पीक संरक्षणासाठी प्रथम ठासणीची बंदूक दिली जाते. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. गुळगुळीत नळीतून सुटलेले छरे पसरत जातात आणि त्यांचा उपयोग थोड्याच अंतरापर्यंत असतो. अशा बंदुकीवर वाढवून दाखवणारी दुर्बीण बसवणे म्हणजे पाटाच्या पाण्याला ठिबकची नळी जोडण्यासारखे आहे. तेथे हा खर्च करूच नये.

दुसरी, पॉइंट टू-टू रायफल. ही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सभासदाला चांदमारीसाठी परवान्यावर मिळते. हिची गोळी मैलभराहून अधिक लांब जाऊ शकते. ही रायफल रेंजवरच चालवायची, वाडीत कधीही नाही.

तिसरी, छऱ्याची बंदूक म्हणजे एअरगन. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या नळीच्या किंवा जास्त ताकदीच्या एअरगनला लागतो. खरेदीच्या वेळी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा, बिल घ्यावे आणि ते जपून ठेवावे. पुढचे बोलणे मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

२) कशासाठी?

एअरगन कागदी चांदावर, डब्यावर नेम धरण्यासाठी आहे. पाखरे मारण्यासाठी ती घेत असाल, तर दुर्बिणीवर एक पैसाही खर्च करू नका. मिरचीवर, पेरूवर येणारे राघू आपल्याला त्रास देतात हे खरे आहे. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये राघू मारणे हा गुन्हा आहे. पूर्वी कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे यांचे उपद्रवी प्राणी म्हणून वेगळे परिशिष्ट होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा "कावळा मारला तर कोण विचारतो" हे जुने बोलणे आता सोडून द्यावे. फळाला पिशवी, मिरचीच्या वाफ्यावर जाळी आणि वाऱ्यावर चमकणाऱ्या फिती हे उपाय अधिक खात्रीचे आहेत. त्यात शेजाऱ्याशी भांडणही होत नाही.

पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या डोंगरालगत ज्यांची शेती आहे, त्यांना रानडुकराचा उपद्रव होतो. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याबाबत कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. अशा लेखी आदेशाशिवाय बंदूक उचलू नये. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे आणि अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेणे हाच वेगळा गुन्हा होतो. एअरगनने डुकराला मारणे तर सर्वस्वी चूक. तो फक्त जखमी होतो आणि जखमी डुक्कर माणसावर उलटतो. नुकसान झाले की लगेच वन खात्याकडे अर्ज करावा आणि सौर कुंपणाचा विचार करावा. मात्र घरातील विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नये. तिने माणसे मेली आहेत.

३) मुलाला स्पर्धेत जायचे असेल तर

येथे पुष्कळ पालकांची फसगत होते. मुलाला नेमबाजीची आवड आहे म्हणून ते महाग दुर्बीण घेऊन देतात. परंतु ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत वाढवून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. तेथे मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे कडे असते. त्यांना पीप साइट म्हणतात. १० मीटरच्या चांदावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मि.मी. असतो, आणि खेळाडू तो दुर्बिणीवाचून टिपतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही अशाच दुर्बिणीविना. मुंबईच्या अंजली भागवत यांची सुरुवात एन.सी.सी.मधून झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेव्हा मुलाची ओढ खरी असेल, तर दुर्बिणीचे पैसे बाजूला ठेवा. महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे किंवा जवळच्या मान्यताप्राप्त क्लबमध्ये चौकशी करा आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन-चार महिने शिकू द्या. आपल्याकडे नवशिक्यांसाठी ओपन साइट, म्हणजे बंदुकीवर मुळात असलेल्या माशी-खाचेच्या नेमाच्याही स्पर्धा होतात. त्यात जास्तीचा खर्च काहीच नाही.

मग दुर्बीण कोणी घ्यावी? ज्याला स्पर्धेत उतरायचे नाही, घरच्या सुरक्षित जागेत सुट्टीच्या दिवशी कागदावर नेमबाजी करायची आहे, किंवा वयोमानाने ज्याला माशी आणि चांद एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, त्याने. चाळिशी लागलेल्यांना दुर्बिणीचा खरा फायदा होतो, कारण फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात.

४) आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ४×३२ किंवा ३-९×४० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते हे सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मि.मी. मध्ये देतो. ३-९ म्हणजे तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत कमी-जास्त करता येते.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो ८ मि.मी. येतो. ९×४० मध्ये साडेचार मि.मी.ही भरत नाही. दिवसा डोळ्याची बाहुली दोन ते तीन मि.मी. उघडी असते, म्हणून उन्हात दोन्ही चालतात. परंतु झोत रुंद असला तर डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी चित्र जात नाही. नवशिक्याला हे फार सोयीचे पडते.

जास्त पट म्हणजे जास्त चांगली, ही समजूत चुकीची आहे. पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि समोरचा दिसणारा भाग आकसतो. २५ मीटरवर चार पटीला साधारण अडीच मीटर रुंदी दिसते, तर नऊ पटीला जेमतेम एक मीटर.

याचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. शिकत असताना सुट्टीत मामाच्या वाडीत गेलो होतो. मामेभावाच्या एअरगनवर ३-९ ची दुर्बीण होती. ती नऊवर ठेवून मी माडाला टांगलेल्या डब्यावर नेम धरला. दुर्बिणीत डबा सुपाएवढा दिसत होता, बाकी काहीच दिसत नव्हते. माझा नेम चुकला आणि छर्रा कुंपणाच्या मेंदीतून पलीकडे गेला. पलीकडे मामी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. छर्रा तिच्या कमरेवरच्या टोपलीत शिरला. वीतभर वर लागला असता तर काय झाले असते, ते मी येथे सांगत नाही. मामीने कळ्या निवडताना तो छर्रा बाजूला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बोलली काही नाही. मामाने बंदूक कपाटात टाकून कुलूप लावले ते माझी सुट्टी संपेपर्यंत.

म्हणून सांगतो, दुर्बीण लक्ष्य दाखवते, लक्ष्यामागचे दाखवत नाही. दोन्ही डोळ्यांनी आधी सगळी वाडी पाहावी, मग एक डोळा दुर्बिणीला लावावा.

५) खरेदी करताना तपासावयाच्या बाबी

(अ) जवळच्या अंतरासाठी आहे का? पुष्कळशा दुर्बिणी लांबच्या रायफलींसाठी, १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर धरून बसवलेल्या असतात. आपण १० ते २५ मीटरवर मारतो. अशा दुर्बिणीत जवळचे पुसट दिसते आणि डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटते. यास पॅरॅलॅक्स म्हणतात. पुढच्या कड्यावर किंवा बाजूच्या चाकावर अंतर जुळवता येणारी आणि १० यार्डांपासून सुरू होणारी दुर्बीण सर्वांत चांगली. दुकानात दहा पावलांवर एखादी पावती लावून अक्षरे वाचून पाहावीत. बंदूक टेकवून, न हलवता, डोके किंचित डावी-उजवीकडे न्यावे. फुली जागची हलू नये.

(आ) स्प्रिंगच्या एअरगनला सोसेल का? स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन धक्के देते. साधी रायफल एकाच दिशेने धक्का देते. त्यामुळे मोठ्या रायफलीवर टिकणारी दुर्बीण एअरगनवर सैल होऊन आतली फुली तिरकी झाल्याची उदाहरणे आहेत. "एअरगनसाठी" असे स्पष्ट लिहिलेली घ्यावी आणि बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी.

(इ) डोळ्यापासूनचे अंतर. पूर्ण चित्र दिसताना डोळा आणि भिंग यांत तीन ते चार इंच अंतर राहिले पाहिजे. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासह पाहावे.

(ई) फुली. साधी बारीक फुली पुरे. लाल-हिरव्या दिव्याची, भरपूर खुणांची फुली आपल्या कामाला लागत नाही, तिचे पैसे उगाच जातात.

(उ) ओलावा. राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात ही बाब फार महत्त्वाची. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी भिंगाला बुरशी धरते व स्क्रू गंजतात. आत नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण घ्यावी. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. भिंग धोतराच्या सोग्याने किंवा ओढणीने पुसू नये. आधी धूळ फुंकून काढावी, मग मऊ स्वच्छ कापडाने हलकेच पुसावे.

(ऊ) माउंट म्हणजे बसवण्याच्या रिंगा. एअरगनवरील खाच बहुधा ११ मि.मी. ची असते, तर रुंद पट्टीच्या रिंगा वेगळ्या येतात. बंदूक सोबत नेऊन बसवूनच पाहावे. रिंगा नळीच्या व्यासाच्या, एक इंच किंवा ३० मि.मी. असतील त्याच घ्याव्यात. धक्क्याने मागे सरकू नये म्हणून अडवणारी खीळ असलेला माउंट निवडावा. स्वस्त दुर्बीण आणि चांगला माउंट ही जोडी चालते. महाग दुर्बीण आणि हलका माउंट ही चालत नाही.

खर्चाबाबत माझा हिशोब साधा आहे. दुर्बीण व माउंट मिळून बंदुकीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास खर्च करावा. उरलेले पैसे चांगल्या छऱ्यांच्या डब्यांना, डोळ्यांच्या चष्म्याला आणि छरे अडवणाऱ्या पेटीला ठेवावेत. बहुतेकांना ४×३२, जवळचे अंतर जुळणारी, एवढी पुरते. बसून, टेकवून बारीक नेमबाजी करायची असेल तरच ३-९×४० चा विचार करावा.

६) नेम जुळवणे

पहिल्यांदा १० मीटरवर कागद लावावा. बंदूक कडक टेबलावर टेकवू नये. मऊ उशीवर तळहात ठेवून त्यावर सैल धरावी, नाहीतर स्प्रिंगची एअरगन उसळून छरे पसरतात. एकाच ठिकाणी नेम धरून पाच छरे मारावेत. एका छऱ्यावरून काहीही ठरवू नये. मातीचा नमुना आपण शेतात अनेक ठिकाणांहून घेऊन एकत्र करतो, तसेच येथे आहे. पाचही छऱ्यांचा मध्य धरावा आणि तो नेमापासून किती दूर आहे ते पट्टीने मोजावे.

दुर्बिणीच्या वरच्या व बाजूच्या चाकांना टिचक्या असतात. बहुतेक दुर्बिणींत एका टिचकीने १०० यार्डांवर पाव इंच फरक पडतो. आपल्या अंतराला हा हिशोब असा येतो : १० मीटरवर एका टिचकीला सुमारे ०.७ मि.मी. आणि २५ मीटरवर सुमारे १.७ मि.मी. समजा २५ मीटरवर छरे ३४ मि.मी. खाली लागले, तर वरचे चाक २० टिचक्या "वर" दिशेला फिरवावे. पुन्हा पाच मारून पाहावेत. दोन-तीन फेऱ्यांत नेम जुळतो. जुळल्यावर स्क्रूवर रंगाची खूण करावी, म्हणजे सरकले तर लगेच कळते.

एक लक्षात असू द्या. दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर असते. त्यामुळे २५ मीटरवर जुळवलेली बंदूक चार-पाच मीटरवर नेमाच्या खाली मारते. तो दुर्बिणीचा दोष नाही. छऱ्यांचा प्रकार बदलला तरी नेम पुन्हा जुळवावा लागतो.

७) जागा

आपल्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. बांधावरून माणसे, मुले, गुरे जातात, आणि रविवारी समुद्रावर येणारे पाहुणे वाट चुकून वाडीत शिरतात. एअरगनचा छर्रा मोकळा सुटला तर दोन-तीन वाड्या ओलांडू शकतो, आणि डोळा घालवायला त्याची ताकद पुरेशी असते. म्हणून लक्ष्यामागे मातीने भरलेल्या गोणींची माणसाच्या उंचीची भिंत असावी. दगड, विटा, माडाचे खोड, पत्रा यांवरून छर्रा उलटा येतो. वरच्या दिशेने, झाडावर, विहिरीच्या पाण्यावर मारू नये. मारणाऱ्याने आणि बघणाऱ्याने चष्मा लावावा. जाण्या-येण्याच्या वाटेकडे तोंड करून कधीही नेम धरू नये. अशी जागा वाडीत नसेल तर क्लबमध्येच जावे. तेथे दुर्बीण असो वा नसो, नेम शिकता येतो.

पीकशास्त्राच्या नात्याने आणखी एक सांगतो. बहुतेक छरे शिशाचे असतात. ते भाजीच्या वाफ्यात, पानवेलीच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ पडू देऊ नयेत. छरे पेटीतच अडवावेत, वेचून वेगळे ठेवावेत आणि नेमबाजी झाल्यावर हात साबणाने धुवावेत. छरे तोंडात धरण्याची मुलांची सवय मोडावी.

थोडक्यात सांगायचे तर :

• पीक संरक्षणाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला दुर्बीण नको.
• स्पर्धेची ओढ असलेल्या मुलाला दुर्बीण नको, प्रशिक्षक हवा.
• घरगुती चांदमारीला ४×३२, दहा यार्डांपासून जुळणारी, एअरगनसाठी बनवलेली दुर्बीण आणि मजबूत माउंट घ्यावा.
• नेम पाच छऱ्यांवर ठरवावा.
• मातीची भिंत नसेल तेथे बंदूक उघडू नये.

बांधावर मला प्रश्न विचारणारे बागायतदार आज येथे बसले आहेत. त्यांना माझे उत्तर एवढेच, की आधी वाडीच्या कोपऱ्यात मुलाकडून मातीच्या गोणींची भिंत रचून घ्या. वीस-पंचवीस गोणी भरून ती पोराने नीट रचली, तर दुर्बीण निवडायला मी स्वतः तुमच्याबरोबर दुकानात येतो.